माळ काढून ठेवू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 36, नोकरी पुण्यात, गाव परभणीकडे. घरात तीन पिढ्यांची वारी. दहावीत असताना वडिलांनी गळ्यात माळ घातली. दोन वर्षांपूर्वी आई कर्करोगाने गेली. तेव्हापासून देवापुढे उभं राहिलं की आत काही हलत नाही. हरिपाठ तोंडाने चालू असतो आणि मन विचारतं, ऐकतंय कोण? गावच्या सप्ताहात एका महाराजांना हे विचारलं तर ते भर मंडपात म्हणाले, "संशयात्मा विनश्यति. शंका घेणाऱ्याला गती नाही." शेजारी बसलेले वडील गप्प राहिले. आता माळ काढून ठेवू का? नसलेल्या श्रद्धेचं सोंग किती दिवस करायचं?

आधी माळेचं सांगतो. आज काढू नका. का, ते पुढे येईलच. पण "काढलीत तर पाप लागेल" हे त्याचं कारण नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

मी 31 वर्षं कीर्तन करतो. त्याआधी चार वर्षं आळंदीत शिकलो. तुमच्यासारखा प्रश्न कीर्तनानंतर चहा पिताना, कधी गाडीत बसता बसता खूप जणांनी विचारला आहे आणि विचारताना बहुतेकांचा आवाज उतरलेला असतो, उधारी सांगावी तसा. तो आवाज आम्हा लोकांनी उतरवलाय. मंडपात माइक आमच्या हातात असतो. ऐकणाऱ्याने हात वर करून विचारायची आमच्याकडे रीत नाही. त्यामुळे अडचणीचा प्रश्न आला की एक चरण फेकून माणूस खाली बसवणं फार सोपं जातं. मीही केलंय. तरुणपणी एका मुलाला असाच खाली बसवला होता, लोक हसले, मला बरंही वाटलं होतं. तो मुलगा पुन्हा कधी कीर्तनाला आला नाही.

तुमच्या अंगावर आलेला चरण गीतेच्या चौथ्या अध्यायातला, 40 व्या श्लोकातला. अज्ञश्चाश्रद्दधानश्च संशयात्मा विनश्यति. शब्द खरे आहेत, भगवंताच्याच तोंडचे आहेत. पण पोथी तिथेच मिटू नका, पान उलटा. दोनच श्लोकांनंतर चौथा अध्याय संपतो. शेवटच्या श्लोकात भगवंत म्हणतात, ज्ञानाच्या तलवारीने हा संशय छाटून टाक आणि ऊठ. आणि पाचव्या अध्यायाचा पहिलाच श्लोक काय आहे? अर्जुनाची शंका! कृष्णा, तू एकदा कर्माचा संन्यास सांगतोस, लगेच कर्मयोग सांगतोस. या दोनांतलं चांगलं कोणतं ते एकदा ठरवून सांग. 'सुनिश्चितम्' असा शब्द आहे तिथे. संशयाने नाश होतो हे ऐकून तोंड मिटायच्या आत गड्याने पुढचा संशय काढला. भगवंत चिडले का? "आत्ताच काय सांगितलं तुला?" असं म्हणाले का? नाही. शांतपणे उत्तराला लागले.

सहाव्या अध्यायात तर अर्जुन संशय हा शब्दच वापरतो. मन चंचल आहे, योग जमला नाही आणि मध्येच सुटला तर माणूस फाटलेल्या ढगासारखा इकडचाही नाही, तिकडचाही नाही, असा विरून जाणार का? एतन्मे संशयं कृष्ण, हा माझा संशय पुरता छेदून टाक, तुझ्याशिवाय तो छेदणारा मला दुसरा मिळणार नाही. आणि त्यावरच्या उत्तरात भगवंत त्याला 'तात' म्हणतात. बाळा, चांगलं करू पाहणाऱ्याची दुर्गती होत नसते. सबंध गीतेत अर्जुनाला नाना नावांनी हाक आहे, पण ही एक हाक मला फार जवळची वाटते, आणि ती शंका काढणाऱ्याला मारलेली आहे. शेवटी अठराव्यात सगळं सांगून झाल्यावर काय म्हणतात? विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु. याचा नीट, पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. ज्याला लोकांनी आंधळेपणाने मान डोलवावी असं वाटतं तो हे वाक्य बोलेल?

मग तो नाश पावणारा संशयात्मा कोण? ज्ञानोबारायांनी शके 1212 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली, तिच्यात याचं उत्तर आहे आणि मला ते शिकवताना कुणी नीट दाखवलं नव्हतं. वयाच्या पंचेचाळिशीत माझं मलाच दिसलं. संशयाहूनि थोर आणिक नाहीं पाप घोर, ही ओवी सगळे म्हणतात. पण तिच्या आधी माउली काय म्हणतात ते बघा:

अथवा ज्ञान हें आपु नोहे । परि ते चाड एकी जरी वाहे ।
तरी तेथ जिव्हाळा कांहीं आहे । प्राप्तीचा पैं ॥

ज्ञान हाती आलेलं नसेना का, पण त्याची 'चाड' असली, ते हवंसं वाटत असलं, तरी तिथे मिळण्याचा ओलावा आहे. आणि लगेच पुढे: ज्ञान तर नाहीच, पण त्याची आस्थाही ज्याच्या मनात नाही, तो संशयाच्या आगीत पडला म्हणून समज. म्हणजे माउलींच्या लेखी संशयात्मा हा प्रश्न विचारणारा माणूसच नाही. ज्याची जाणून घ्यायची भूक मेली, तो संशयात्मा. पुढचे दाखलेही तसेच आहेत. काळज्वराने घेरलेल्या रोग्याला थंड-गरम कळत नाही, आग आणि चांदणं त्याला सारखंच. जन्मांधाला रात्र आणि दिवस सारखेच. खरं-खोटं, हित-अहित यांतला फरक ज्याला लागेनासा झाला त्याचं वर्णन चाललंय तिथे.

आता सांगा, आग आणि चांदणं सारखंच मानणारा तो कोण? देवापुढे उभं राहून "ऐकतंय कोण?" असं कासावीस होऊन विचारणारा तुम्ही, की कुठल्याही बाबाने काहीही सांगितलं तरी "जय हो" म्हणणारा? दुसऱ्याला आपण श्रद्धावान म्हणतो. माउलींची फूटपट्टी लावली तर त्याचा ज्वर जास्त आहे.

जुन्या शास्त्री लोकांनी तर संशयाला घरातच जागा दिली होती. न्यायदर्शनात, म्हणजे तर्काच्या शास्त्रात, जे सोळा पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, मोजलेत त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर तिसरा संशय येतो. मीमांसेत कुठलाही विचार मांडायचा तर आधी विषय, मग त्याबद्दलचा संशय, मग पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, आणि नंतर सिद्धान्त, म्हणजे निर्णय. संशयच नसेल तर सिद्धान्ताची पायरीच येत नाही. न्यायवाले दाखला देतात तो आपल्या शिवारातला म्हणावा इतका साधा आहे. तिन्हीसांजेची वेळ, लांब बांधावर काहीतरी उभं दिसतंय. खुंट आहे की माणूस? हा संशय.

इथे तीन गडी आहेत असं समजा. एक लांबूनच म्हणतो, माणूसच आहे, आमच्या आज्याने सांगितलंय. दुसरा लांबूनच म्हणतो, खुंटच आहे, शिकलेल्यांना कळतं. दोघेही जागचे हलत नाहीत, आणि भांडण मात्र रात्रभर. तिसऱ्याला कळत नाही, म्हणून तो बांधाच्या दिशेने चालू लागतो. शंका चालायला लावत असेल तर ती कामाची. आणि चौथाही एक असतो, तो दोघांचं ऐकून म्हणतो, "कुणाला काय कळणार, सोडा," आणि घरी जाऊन झोपतो. तो माउलींचा संशयात्मा. आजकाल याच्या अंगावर चांगले कपडे असतात, म्हणून ओळखू येत नाही.

आमच्या संप्रदायातली कच्च्या मडक्याची गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमलेली. मुक्ताईने कोपऱ्यातलं थापटणं पाहिलं आणि विचारलं, काका, हे कशाला? काका म्हणाले, मडकं पक्कं की कच्चं ते याने कळतं. मुक्ताई म्हणाली, मग आमच्यातलं कोण कच्चं आहे ते बघा की. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे शांत बसले. नामदेवराय मात्र चिडले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं.

ही गोष्ट आम्ही कीर्तनात अहंकारावर सांगतो, गुरू कसा हवा यावर सांगतो. पण नामदेवांचं कच्चेपण नेमकं कशात होतं? त्यांना शंका होती का? उलट, त्या सगळ्या मंडळींत सर्वात पक्की खात्री नामदेवांचीच होती. देव माझ्याशी बोलतो, माझ्या हातचा नैवेद्य खातो, आणि तो पंढरपुरात आहे. हीच खात्री त्यांचं कच्चेपण ठरली. पुढे विठ्ठलानेच त्यांना औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडे पाठवलं, तर तिथे म्हातारा पिंडीवर पाय ठेवून आडवा झालेला. नामदेव ओरडले, पाय काढा, देव आहे तो! विसोबा म्हणाले, बाबा, माझ्याच्याने हलवत नाहीत, जिथे देव नाही तिथे तूच उचलून ठेव. पाय उचलून जिथे ठेवावे तिथे पिंड. गुरूने पहिला धडा काय दिला? "देव अमुक ठिकाणी आहे" या खात्रीखालची जमीन काढून घेतली.

मडक्याचं एक सांगायचं राहिलं. माझ्या आजोळी कुंभारवाडा होता. उन्हात वाळवलेलं कच्चं मडकं बघायला अगदी पुरं असतं. घाट तोच, काठ तोच, हाताला कोरडं लागतं. पेराने वाजवलं की मात्र बद्द आवाज येतो, भाजलेल्यासारखा टण्ण येत नाही. आणि त्यात पाणी ओतलं की तळ मऊ पडून ओघळायला लागतो. तुमची दहावीपासूनची श्रद्धा अशीच असणार, बहुतेकांची असते. घाट वडिलांनी दिला, तुम्ही उन्हात ठेवली. पाणी आईच्या आजारपणात पडलं. दुःखाने माणूस भाजून पक्का होतो असं काही मी तुम्हाला सांगणार नाही. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, कितीतरी मडकी फुटतातही, आणि आई जाणं ही काही कुणाला पक्कं करायची युक्ती नव्हे. एवढंच म्हणतो, की ओघळलं त्याला तुम्ही श्रद्धा म्हणत होता, ती अजून माती होती. माती कुठे गेलेली नाही.

आता तुकोबाराय. तुम्हाला वाटतंय की संतांना असं होत नव्हतं. दुष्काळात पैसा गेला, मान गेला, बायको "अन्न अन्न" करीत मेली, हे ते स्वतःच सांगतात. आणि त्याच आत्मचरित्राच्या अभंगात एक ओळ आहे: सत्य असत्यासी मन केलें ग्वाही, मानियेलें नाहीं बहुमता. खरं काय, खोटं काय यासाठी मी माझ्या मनाला साक्षीला बसवलं, चार लोक म्हणतात म्हणून मानलं नाही. हे वाक्य आज कुणी आमच्या मंडपात स्वतःचं म्हणून बोललं तर त्याला नास्तिक ठरवतील.

गाथा इंद्रायणीत बुडवावी लागली तेव्हा नदीकाठी उपाशी बसलेल्या तुकोबांचे अभंग मुद्दाम काढून वाचा. तेरा दिवस जाले निश्चक्र करितां, न पवसी अनंता मायबापा. तेरा दिवस पोटात अन्न नाही आणि तू काही येत नाहीस. दगडाची खोळ पांघरून बसलास. तुमचं "ऐकतंय कोण?" याहून वेगळं आहे का? आणखी एका अभंगात तर सरळ आहे: माझे लेखीं देव मेला, असो त्याला असेल. माझ्यापुरता देव मेला, ज्याला असेल त्याला असो. पुढे म्हणतात, आता त्याच्या गोष्टी नको, नाव नको, आमचं दोघांचं तुटलं. सप्ताहात हा अभंग कीर्तनाला घेतलेला मी तरी कधी ऐकला नाही. मी एकदा घेतला. यजमानांनी पुढच्या वर्षी बोलावलं नाही, ते सोडा.

लोक म्हणतात, हे प्रेमाचं भांडण आहे, शंका नव्हे. असेल. जनाबाई अंगणात उभं राहून "अरे विठ्या" म्हणून शिव्या घालते, त्यात लाड आहे हे मलाही ऐकू येतं. पण चोखोबांचा मुलगा कर्ममेळा जेव्हा म्हणतो, आमुची केली हीन याती, तुज का न कळे श्रीपती, जन्म गेला उष्टें खातां, लाज न ये तुमचे चित्ता, तेव्हा त्यात लाड शोधणं मला निर्दयपणाचं वाटतं. तो पोरगा देवाला न्याय विचारतोय. आणि सोयराबाई शास्त्राला विचारते: देहीचा विटाळ देहीच जन्मला, सोंवळा तो झाला कवण धर्म? ज्यांना सगळं ठाऊक होतं, कोण शुद्ध, कोण अशुद्ध, कुणी पायरीपाशी थांबायचं, त्यांची श्रद्धा कुठे कमी होती? भरपूर होती. 1947 मध्ये विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावं लागलं तेव्हा दार अडवून बसलेले लोक नास्तिक नव्हते. त्यांना फक्त शंका येत नव्हती.

गाथेच्या गोष्टीतला माझा आवडता माणूस मात्र वेगळाच आहे, रामेश्वरभट्ट. वाघोलीचा विद्वान ब्राह्मण, ज्याने तुकोबांचं कवित्व अमान्य केलं, ज्याच्यामुळे वह्या पाण्यात गेल्या. त्याच्याजवळ शास्त्र होतं, अधिकार होता, खात्री होती. तोच माणूस पुढे तुकोबांच्या पायाशी आला. आपण रोज म्हणतो ती "आरती तुकारामा, स्वामी सद्गुरुधामा" त्याची आहे. शेवटी स्वतःचं नाव घालून म्हणतो, म्हणोनी रामेश्वरें चरणीं मस्तक ठेविलें. या प्रवासात एक रात्र अशी गेली असणार, की अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या मनात आलं असेल, माझंच चुकलं असेल तर? त्या रात्रीबद्दल कुणी काही लिहून ठेवलेलं नाही. हा प्रश्न त्याने "संशयात्मा विनश्यति" म्हणून दाबला असता तर आपल्याला ही आरती मिळाली नसती.

इतर घरांतही हेच आहे, थोडक्यात सांगतो. कलकत्त्याच्या मदर तेरेसांची खासगी पत्रं त्यांच्या मागे, 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत कित्येक वर्षं देवाचा काही स्पर्शच जाणवत नसल्याचं दुःख आहे. त्याच बाईंना चर्चने 2016 मध्ये संत म्हणून जाहीर केलं. बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितलं की तुम्हाला शंका येते ते योग्यच आहे, केवळ परंपरेने आलं म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून मानू नका, पारखून घ्या. पण त्याच बुद्धांनी 'विचिकिच्छा', म्हणजे मनाचं सतत डोलत राहणं, हा साधनेतल्या पाच अडथळ्यांपैकी एक सांगितला. दोन्ही एकाच तोंडून. खुंटाकडे चालणारा आणि घरी जाऊन झोपणारा यांतला फरक त्यांनाही करावा लागला.

आता माझं स्वतःचं. साधारण चाळिशीत माझा धाकटा भाऊ अचानक गेला. त्यानंतर दीड-दोन वर्षं मी कीर्तनं केली ती निव्वळ तारखा दिलेल्या होत्या म्हणून. चाली येत होत्या, दृष्टान्त पाठ होते, लोक रडत होते, आणि मी आतून कोरडा ठाक. लोकांना रडवून पाकीट घ्यायचं, याची किळस यायची. मराठवाड्यातल्या एका गावात काल्याच्या कीर्तनानंतर पंगत बसली होती. एक म्हातारी माझ्यापुढे पत्रावळ ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "बुवा, तुमी सांगता ते तुमाला खरं वाटतंय का वो?" मला खोटं बोलवलं नाही. म्हणालो, "आजी, काही दिवस वाटतं, काही दिवस नाही. सध्या नाही." तिने वाढत वाढत मान हलवली. "बरं झालं. मला वाटलं माझंच तेवढं आसं हाय." आणि पुढच्या पानावर गेली. तिला मालक नव्हता, दोन मुलं गेलेली, हे मला नंतर कळलं. ती पहाटेच्या काकड्याला रोज यायची.

त्या दिवशी काही उजेड वगैरे पडला नाही. पण कीर्तन करायची माझी रीत बदलली. जे मला माहीत नाही ते "शास्त्रात असं आहे" असं सांगायचं, "मला असं कळलंय" असं म्हणायचं नाही, एवढं पथ्य मी तेव्हापासून पाळतो. हळूहळू ओल परत आली. पूर्वीसारखी नाही, कमी आहे, पण टिकते.

यावर एक वेगळाच अनुभव सांगतो, चिडून सांगतोय म्हणून समजून घ्या. हल्ली मंडपात नव्याने येणारी पोरं मला मोबाइल दाखवतात: अमुक मंत्राच्या कंपनांवर नासाने संशोधन केलं, तुळशीमाळेतून अमुक लहरी निघतात. हे पाठवणारे सगळे कट्टर श्रद्धावान म्हणून मिरवतात. अरे, तुमचा नामावर विश्वास असेल तर नासाचा दाखला कशाला हवा? इतक्या मोठ्याने ओरडून खात्री सांगणाऱ्याच्या पोटात बहुतेक वेळा तीच शंका असते जी तुमच्या पोटात आहे. फक्त ती तोंडावर आणायची त्याला भीती वाटते, म्हणून तो तुमच्यावर धावून येतो. जादूटोणाविरोधी कायदा होऊ घातला तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत आमच्या संप्रदायातली मंडळीही होती. मी तेव्हाही म्हणालो होतो, "नवसें कन्यापुत्र होती, तरी कां करणें लागे पती" असं विचारणाऱ्या तुकोबांची लेकरं आपण, आपल्याला कसली भीती? त्या कायद्यासाठी झटणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात गोळ्या घालून मारलं. कुणाच्या तरी खात्रीला एका माणसाचे प्रश्न सोसले नाहीत.

पण तुमच्या बाजूचंही थोडं कान उपटून सांगतो. शंकेचीही सवय लागते, आणि ती फार सुखाची असते. "मी प्रामाणिक आहे, म्हणून मी काही करत नाही," असं म्हणत वर्षं निघून जातात. हरिपाठ सोडला, गावी जाणं सोडलं, वडिलांशी बोलणं सोडलं, आणि हातात उरलं काय, तर आपण बाकीच्यांसारखे भोळे नाही हे समाधान. तोही एक पंथच आहे, फक्त त्यात टाळ नाहीत.

'सोंग' म्हणालात त्याबद्दल. हरिपाठ म्हणताना मन साथ देत नाही याला सोंग म्हणत नाहीत. आपल्याला काही होत नसताना "फार अनुभव आला" असं चार लोकांत सांगणं, ते सोंग. पखवाजवाला रोज बोटं चालवतो; रोज रंगतं असं थोडंच आहे? मी तुम्हाला असं सुचवेन की हरिपाठाचे सगळे अभंग एका दमात संपवायची घाई सोडा. एकच घ्या. त्यातल्या ज्या चरणावर मन म्हणेल "हे मला पटत नाही," तिथे थांबा आणि त्याला तसं सांगा, मोठ्याने, मराठीत. ऐकणारा कुणी असेल-नसेल. तुकोबांनीही तेरा दिवस तेच केलं. आणि एक व्यवहाराचं: झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन वर्षं चाललं असेल, तर चांगल्या डॉक्टरांकडे जा. सगळ्याच कोरडेपणाला अध्यात्म समजायचं कारण नाही. शोकही असतो, आणि त्याला औषध असतं.

आता माळ. तुमच्या चिठ्ठीत माझं लक्ष एका वाक्यावर अडकलं: वडील गप्प राहिले. महाराज भर मंडपात पोराला बोलले आणि तीन पिढ्यांचा वारकरी बाप त्यांची बाजू घेऊन एक शब्द बोलला नाही. तुम्हाला वाटलं ते लाजले. मला तसं वाटत नाही. तुमची आई गेली, तशी त्यांची बायकोही गेलीय. चाळीस-एक वर्षं जिच्याबरोबर वारी केली ती. ते रोज पहाटे उठून देवापुढे बसत असतील तेव्हा त्यांच्या मनात काय येतं, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंय का? माळ काढलीत की ते बोलणं कायमचं बंद होईल. त्यांना वाटेल, पोराने आईबरोबर मलाही सोडलं. म्हणून आज काढू नका म्हणालो. एकदा त्यांना विचारून झालं की मग तुमच्या मनाला ग्वाही ठेवा आणि काय करायचं ते करा. काढली तरी मी तुम्हाला परका समजणार नाही.

घरात असं बोलणं सुचत नाही, मला ठाऊक आहे. बापलेकांत तर नाहीच. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते, पुण्यात भवानी पेठेत दोन मुक्काम करते आणि मग दिवेघाट चढून सासवडला जाते. वडील दिंडीत असतीलच. तुम्ही रजा काढून तेवढा एक टप्पा त्यांच्याबरोबर चाला. लांब आहे, बहुतेक वर्षी त्या दिवशी एकादशी असते, त्यामुळे पोटात साबुदाण्याखेरीज काही नसतं. घाटात दम लागतो, दिंडीचे टाळही जरा मंदावतात. तिथे विचारा.